‘एस’ कधी लावायचा? ऑटोमॅटिक गाडी नव्याने घेतलेल्यांसाठी स्पोर्ट मोड

ऑटोमॅटिक गाडीची डिलिव्हरी देताना शोरूममधला माणूस पी, आर, एन, डी नीट समजावून सांगतो. ‘एस’पाशी आला की “हा स्पोर्ट मोड, पिकअप वाढतो” एवढं बोलून टचस्क्रीनकडे वळतो. मग घरी आलेल्या गाडीचं दोनपैकी एक होतं. मालक त्या ‘एस’ला कधीच हात लावत नाही, किंवा पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून लावतो, ॲव्हरेज बघून हबकतो आणि सोडून देतो. दोघांच्याही हातून एक चांगली सोय वाया जाते. आणि माझं मत विचाराल तर तिचा सगळ्यात मोठा उपयोग गाडी पळवण्यासाठी नाहीच. घाट उतरताना गाडी आवरण्यासाठी आहे.

पण आधी तो मोड करतो काय, ते बघू.

घोडे वाढत नाहीत

स्पोर्ट मोड लावला की इंजिनाची ताकद वाढते, हा सर्वात मोठा गैरसमज. काही महागड्या गाड्या आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या खरंच थोडी जास्त ताकद मोकळी करतात. पण आपल्याकडच्या रोजच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये इंजिन तेच, ताकदही तीच. बदलतं ते मुख्यतः एवढं, की इंजिन कुठल्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर, फिरत ठेवायचं.

एक हिशेब करून बघा. स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टसमधलं १.० लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन घ्या. कागदावर ११५ पीएस (साधारण तेवढेच घोडे) ताकद आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. हा टॉर्क १७५० पासून ४५०० आरपीएमपर्यंत मिळत राहतो. ताकद म्हणजे टॉर्क आणि आरपीएमचा गुणाकार. १७५० ला हा गुणाकार जेमतेम ४४ पीएसवर येतो. ४५०० ला तेच इंजिन ११४ पीएसला पोचतं.

‘डी’मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्ये, गिअरबॉक्सला पेट्रोल वाचवायचं असतं. त्यामुळे तो पटापट वरचे गिअर टाकतो आणि सपाट रस्त्यावर काटा दीड-दोन हजाराच्या आसपास रेंगाळतो, म्हणजे ४४ पीएसच्या शेजारी. ‘एस’ लावला की तोच काटा अडीच-तीन हजारांवर येऊन थांबतो आणि ताकद पायाखाली तयार असते. शोरूमवाल्याचा “पिकअप वाढतो” तो हा.

तुमच्या गाडीत तो कुठे आहे?

प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, म्हणून पहिली पायरी म्हणजे गाडी उभी असताना तो शोधणं.

होंडा सिटीच्या सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स) गिअर लिव्हरवर ‘डी’च्या खाली सरळ ‘एस’ लिहिलेला आहे. फोक्सवॅगन-स्कोडामध्ये ‘डी’मधून लिव्हर मागे ओढला की मीटरवर ‘डी’चा ‘एस’ होतो, पुन्हा ओढला की परत ‘डी’. ह्युंदाई क्रेटासारख्या गाड्यांत तो लिव्हरवर नसतो. ड्राइव्ह मोडचं वेगळं बटण किंवा गोल खटका असतो आणि त्यात इको, नॉर्मल, स्पोर्ट. टाटा नेक्सॉनमध्ये इको, सिटी, स्पोर्ट. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० डिझेलमध्ये नावं झिप, झॅप, झूम अशी आहेत. त्यातला झूम म्हणजे आपला स्पोर्ट. इनोव्हा क्रिस्टाच्या जुन्या ऑटोमॅटिकवर ‘पॉवर’चं बटण मिळेल.

काही गाड्यांत तो नसतोच. मारुती ब्रेझाच्या ऑटोमॅटिकमध्ये स्पोर्ट मोड नाही, पण स्टिअरिंगमागे पॅडल शिफ्टर, म्हणजे बोटांनी गिअर बदलायच्या पट्ट्या, आहेत. वॅगनआर, स्विफ्टसारख्या एएमटी गाड्यांत (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण यंत्राने चालणारा) लिव्हर ‘एम’कडे सरकवून गिअर हाताने बदलता येतात. असं असेल तर पुढे जिथे जिथे मी ‘एस’ म्हणेन, तिथे तुम्ही पॅडलने किंवा ‘एम’मध्ये एक-दोन गिअर खाली उतरायचं. काम तेच होतं, फक्त गिअरवर लक्ष तुम्हाला ठेवावं लागतं.

लिव्हरवरचा ‘एस’ आणि बटणाचा स्पोर्ट मोड यांत एक फरक ध्यानात ठेवा. लिव्हरचा ‘एस’ मुख्यतः गिअरबॉक्सशी बोलतो. बटणाचा मोड सहसा ॲक्सिलरेटर, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग अशा सगळ्यांना एकदम हुकूम सोडतो. ही कल्पना काही नवी नाही. १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या काही ऑटोमॅटिक गाड्यांत ई, एस, एम असा खटका होता आणि टोयोटाच्या गाड्यांत ‘पॉवर’चं बटण. तेव्हा फक्त गिअर उशिरा पडायचे. आता सगळंच कॉम्प्युटरच्या हातात असल्यामुळे एका बटणात बरंच काही मावतं.

बटण दाबल्यावर नेमकं काय घडतं

पहिला बदल पायाखाली जाणवतो. हल्लीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तार गेलेली नसते. पेडल किती दाबलं हे सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. स्पोर्टमध्ये थोडंसं पेडल दाबलं तरी तो मोठ्या मनाने थ्रॉटल उघडतो. गाडी ‘हलकी’ वाटते ती त्यामुळे. पेडल पूर्ण दाबल्यावर मात्र दोन्ही मोड एकाच ठिकाणी पोचतात.

दुसरा बदल गिअरचा, आणि खरा मुद्दा हाच. वरचा गिअर उशिरा पडतो. खालचा गिअर लवकर पडतो. आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी गिअरबॉक्स लगेच वरचा गिअर टाकत नाही, आहे तो धरून ठेवतो. हे तिसरं वाक्य ध्यानात ठेवा, घाटात उपयोगी पडेल.

बाकी स्टिअरिंग जरा जड होतं, काही गाड्यांत मीटर लाल होतं, महागड्या गाड्यांत सस्पेन्शन कडक होतं. मीटर लाल झाल्याने गाडी पळत नाही, हे सांगायला नको.

गिअरबॉक्सच्या जातीप्रमाणे अनुभव बदलतो. टॉर्क कन्व्हर्टर हा तेलातून ताकद पोचवणारा जुना, भरवशाचा प्रकार. त्यात स्पोर्ट मोड गुळगुळीत चालतो. ड्युअल क्लचमध्ये म्हणजे डीसीटी किंवा डीएसजीमध्ये फरक सगळ्यात झणझणीत जाणवतो, कारण पुढचा गिअर आधीच तयार असतो. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतातच, त्यामुळे ‘एस’मध्ये इंजिन नुसतं वरच्या आरपीएमला घुमत राहतं आणि आवाज वेगाच्या पुढे धावतो. अनेकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नसतं, त्याचा स्वभावच तो. आणि एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्र बसवलेलं. आपल्याकडे तो पहिल्यांदा २०१४ मध्ये मारुती सेलेरियोबरोबर आला. एएमटीत गिअर बदलताना मान पुढे-मागे होते. ज्या एएमटीत स्पोर्ट मोड आहे तिथे गिअर उशिरा पडतो म्हणून ते डोलणं कमी वेळा होतं, पण झालं की जोरात होतं.

पहिला सराव

रविवारी सकाळी लवकर, रिकामा आणि सरळ रस्ता निवडा. रिंग रोडचा एखादा तुकडा किंवा एमआयडीसीतला रस्ता चालेल. सोबत कुणी असेल तर मीटर वाचायचं काम त्याच्याकडे द्या, तुमची नजर रस्त्यावर राहू दे.

१. आधी दहा-पंधरा मिनिटं ‘डी’मध्येच शांतपणे चालवा. इंजिन आणि ऑइल गरम व्हायला हवं. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचा असतो, ऑइल त्याच्या मागून गरम होतं.

२. ‘डी’मध्ये ५० च्या वेगाला स्थिर राहा आणि आरपीएम किती आहे ते सोबत्याला विचारा. समजा १४०० आहे.

३. गाडी चालू असतानाच ‘एस’ लावा. थांबायची, ब्रेक दाबायची किंवा न्यूट्रल करायची गरज नाही. लिव्हरचा ‘एस’ असेल तर एकच पथ्य: बाजूचं लॉकचं बटण न दाबता लिव्हर जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच न्या. बटण दाबून ओढाताण केली तर न्यूट्रलकडे घसरण्याची भीती असते. तुमच्या गाडीत त्या सरकवण्यासाठी बटण लागतंच असं ओनर्स मॅन्युअल सांगत असेल, तर हाताला सवय होईपर्यंत उभ्या गाडीत दहादा करून बघा.

४. आता त्याच ५० ला आरपीएम पुन्हा बघा. एक-दोन गिअर खाली पडून काटा दोन-अडीच हजारांवर गेला असेल. आवाज वाढेल. एवढ्याने घाबरू नका. बहुतेक पेट्रोल इंजिनांची लाल रेघ, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, सहा हजारांच्या आसपास असते, आपण तिच्या अर्ध्यातही नाही.

५. मागे कुणी नाही याची खात्री करून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचला आणि ब्रेक दाबू नका. ‘डी’मध्ये गाडी तरंगत जाते. ‘एस’मध्ये कुणीतरी मागून हलकेच धरल्यासारखी तिची ओढ कमी होते. हीच इंजिन ब्रेकिंगची चव. ती पायाला ओळखीची झाली की निम्मं काम झालं. तीन-चार वेळा करा.

६. परत ‘डी’वर या. हेही चालत्या गाडीत.

‘एस’मध्ये असताना पेडल अलगद दाबायला शिका. पहिल्या दिवशी सगळ्यांची गाडी झटके खाते, कारण पायाला ‘डी’च्या आळशी पेडलची सवय असते.

घाट चढताना

‘डी’मध्ये घाट चढताना काय होतं, ते एका वळणावर बघू. चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे. वळण आलं, तुम्ही पाय उचलला, ब्रेकला पाय लावला. गिअरबॉक्सला वाटलं, साहेबांना आता निवांत जायचंय. त्याने चौथा टाकला. वळण अर्धं झालं, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला. चौथ्यात दम नाही. गाडी क्षणभर काहीच करत नाही, मग खडबडून तिसरा पडतो आणि एकदम उसळी. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. पाच माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू असला की हा खेळ आणखी रंगतो. मागे बसलेल्यांना गाडी लागते ती नुसत्या वळणांनी नाही, या धक्क्यांनीही.

‘एस’मध्ये पाय उचलला तरी तिसरा तिसराच राहतो. वळणातून बाहेर येताना ताकद हजर. कुंभार्ली असो, आंबोली असो की पसरणी, चढ सुरू होण्याच्या थोडं आधी ‘एस’ लावा आणि माथ्यावर सपाटी आली की काढा. वेग वाढवायचा नाहीये, तोच वेग धक्क्यांशिवाय ठेवायचाय.

खूप हळू चाललेल्या ट्रकमागे चढावर अडकलात तर डीसीटी आणि एएमटीवाल्यांनी एक सवय मोडायची. ॲक्सिलरेटरवर गाडी जागच्या जागी धरून ठेवू नका. या दोन्हींत आत खरा क्लच असतो आणि तो घासून तापतो, मग मीटरवर इशारा येतो. ब्रेक दाबून थांबा, पुढे गाडीभर जागा झाली की सलग निघा. ‘एस’ लावून हा त्रास टळत नाही.

उतरताना: खरी जागा हीच

एसटीचे जुने ड्रायव्हर एक नियम सांगतात: ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. लालपरी माथ्यावर आली की ड्रायव्हर पहिलं वळण यायच्या आत गिअर डाउन करतो आणि मग अख्खा उतार इंजिनाच्या गुरगुरण्यावर उतरवतो, ब्रेक फक्त वळणापुरता. ऑटोमॅटिक गाडीत आल्यावर आपण हा नियमच विसरलो, कारण गिअर आपल्या हातात राहिला नाही. ‘एस’ तो परत हातात देतो.

ब्रेकवर किती भार येतो त्याचा अंदाज घ्या. माणसांसकट १३०० किलोची गाडी पाचगणीहून वाईत उतरते तेव्हा साधारण पावणेसहाशे मीटर खाली येते. त्यात सव्वासात मेगाज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. वीस-बावीस लिटर गार पाणी उकळून निघेल एवढी ही उष्णता. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात, उरलेली कुणीतरी खायलाच हवी. तुम्ही ‘डी’मध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ती बरीचशी डिस्क आणि पॅडमध्ये जाते. वळणावर करपल्याचा वास येतो तो याचाच. त्यातून ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी पंचाईत, कारण ते हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. आणि पुढे वळण असतंच.

म्हणून माथ्यावर, पहिल्या उताराआधी ‘एस’. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि गाडी कुठल्या वेगाला स्थिरावते ते बघा. उतार तीव्र असेल आणि वेग वाढतच असेल, तर पॅडलने अजून एक गिअर खाली. आरपीएम तीन-साडेतीन हजारांवर जाईल, जाऊ दे. पेट्रोल इंजिनाला त्यात काही त्रास नाही. मागच्या सीटवरून “अरे, गाडी एवढी का ओरडतेय?” असा प्रश्न हमखास येतो, त्याला हसून उत्तर द्या. वळणाआधी ब्रेक ठामपणे दाबा, वेग हवा तेवढा उतरला की सोडा. सतत हलका पाय ठेवून घासत उतरू नका. क्रूझ कंट्रोल बंद ठेवा.

खाली गिअर टाकताना वेग फार असेल तर गिअरबॉक्स नकार देतो, बीप वाजते किंवा मीटरवर सूचना येते. तो बिघाड नाही, इंजिन वाचवायला केलेली सोय आहे. ब्रेक दाबून वेग कमी करा आणि पुन्हा मागा.

आता पेट्रोलचं. इंजिन एवढं ओरडतंय म्हणजे पेट्रोल ओतलं जातंय, असं वाटणं साहजिक आहे. उलट आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला आणि आरपीएम आयडलच्या (गाडी उभी असतानाच्या आरपीएमच्या) बऱ्यापैकी वर असला, की इंजेक्शनवाली इंजिनं पेट्रोल-डिझेलचा पुरवठाच बंद करतात. चाकंच इंजिनाला फिरवतात. त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी गाडीत असेल तर ती पार टोकाला गेलेली दिसेल. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, मग इंजिन जिवंत ठेवायला इंधन जळतच राहतं. म्हणजे पैसे वाचवायला न्यूट्रल करून उतरणारा माणूस ‘एस’मध्ये उतरणाऱ्यापेक्षा जास्त जाळतो, आणि वर ब्रेकही भाजतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर जे अपघात झाले, त्यांत न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला आहे. कार ट्रकपेक्षा हलकी असली तरी उताराचा हिशेब तिलाही तोच.

सीव्हीटीवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. सीव्हीटी ‘डी’मध्ये उतारावर जवळपास मोकळीच सुटते. ‘एस’मध्ये फरक लगेच कळतो.

ओव्हरटेक

एका-एका लेनच्या रस्त्यावर, म्हणजे आंबा घाट उतरल्यावर रत्नागिरीकडे जाणारा जुना रस्ता किंवा मराठवाड्यातले ऊस-ट्रॅक्टरांचे रस्ते, तिथे ‘डी’ची सुस्ती नडते. तुम्ही ट्रकमागे ६० ला आहात, इंजिन दीड हजारावर झोपलंय. जागा दिसली, पेडल दाबलं. गिअरबॉक्सने दोन गिअर खाली टाकले, टर्बोने हवा भरली, यात एक-दीड सेकंद गेला. समोरून ८० ने गाडी येत असेल आणि तुम्हीही ८० ला पोचत असाल, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने घटतं. दीड सेकंद म्हणजे ६६ मीटर रस्ता गाडी जागी होण्यातच गेला.

यावर उपाय सोपा आहे. ट्रकमागे असतानाच, लेन न सोडता ‘एस’ लावा. गिअर खाली पडू दे, आरपीएम वर येऊ दे. मग पुन्हा समोर बघा, आरसा बघा, इंडिकेटर द्या, आणि आता जागा असेल तरच बाहेर पडा. दीड सेकंदाचा सुस्तपणा तुम्ही आधीच, सुरक्षित जागी उरकून घेतलेला असतो. पुढे गेलात की ‘डी’. जागा अपुरी वाटत असेल तर ‘एस’ लावल्याने ती पुरेशी होत नाही, मागेच राहा.

कुठे नको

शहरातल्या कोंडीत नको. सिग्नल ते सिग्नल ‘एस’मध्ये चालवलं तर गाडी झटके देते, पेट्रोल पिते आणि तुम्ही पोचता त्याच वेळेला. ॲव्हरेज किती पडेल हे पायावर अवलंबून आहे, पण पडणार हे नक्की.

सकाळी गाडी चालू केल्या केल्या नको. गार ऑइल जाड असतं, त्यावर इंजिन तीन-चार हजारांवर नेणं म्हणजे त्याला झोपेतून उठवून पळायला लावणं. टर्बो गाड्यांत तर नकोच. नवीन गाडी असेल तर पहिल्या हजारेक किलोमीटरबद्दल मॅन्युअल काय सांगतं ते आधी वाचा. बहुतेक कंपन्या त्या काळात जास्त आरपीएम टाळायला सांगतात.

पावसात जपून. ओल्या रस्त्यावर, चिखलात, भातशेतीच्या कडेने ट्रॅक्टरने माती आणलेल्या वळणावर तिखट पेडल त्रास देतं: जरा जास्त दाबलं की पुढची चाकं जागीच फिरतात. पण उतार तर उतरायचाच आहे. अशा वेळी बटणाचा स्पोर्ट मोड न लावता ‘डी’मध्येच राहून पॅडलने एक गिअर खाली घ्या, तोही वळणाआधी, सरळ रस्त्यावर. पेडल मऊ राहतं आणि इंजिन ब्रेकिंगही मिळतं. ‘डी’मध्ये पॅडल मारलं तर बऱ्याच गाड्या काही वेळाने आपोआप परत ऑटोमॅटिक होतात. उताराच्या मध्येच असं झालं तर दचकू नका, पुन्हा मारा.

डिझेल आणि इलेक्ट्रिक

डिझेल इंजिनाचा टॉर्क खालीच, दोन-अडीच हजारांपर्यंत भरपूर असतो आणि चार हजारांनंतर दम संपतो. त्यामुळे डिझेल ऑटोमॅटिकमध्ये ओव्हरटेकसाठी ‘एस’ची गरज कमी भासते. उतारावर मात्र लागतोच. इलेक्ट्रिक गाडीत गिअरच नसतात, तिथे स्पोर्ट म्हणजे तिखट पेडल आणि कधी कधी जास्त ताकद. घाट उतरायला तिथे स्पोर्टकडे बघूच नका, रीजनची, म्हणजे गाडी आवरताना बॅटरी भरणाऱ्या ब्रेकिंगची, पातळी वाढवा. बॅटरीही भरते. फक्त माथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रीजन कमी मिळतं, हे लक्षात ठेवून ब्रेक तयार ठेवा.

टेस्ट ड्राइव्हला जाणार असाल तर

सेल्समन तुम्हाला सपाट रस्त्यावर नेऊन ‘एस’मध्ये पेडल पूर्ण दाबायला सांगेल. त्याने काहीच कळत नाही, पूर्ण पेडलला ‘डी’ही तसाच पळतो. त्यापेक्षा जवळच्या उड्डाणपुलाच्या उताराकडे गाडी घ्या. वर असताना ‘एस’ लावा, पाय काढा आणि खाली येईपर्यंत वेग किती वाढतो ते बघा. मग तोच पूल ‘डी’मध्ये उतरा. पॅडल असतील तर ड्रायव्हरच्या सीटवर सरळ बसून बोटं पोचतात का, वळवलेल्या स्टिअरिंगवरही ती सापडतात का ते तपासा. लिव्हर ‘डी’वरून ‘एस’वर नेताना नजर खाली न्यावी लागते का, हेही. आणि गाडी बंद करून पुन्हा चालू करा: बऱ्याच गाड्यांत बटणाचा मोड आपोआप नॉर्मलवर येतो, काहींत तसाच राहतो. ज्या गाडीत तसाच राहतो, तिथे पार्किंगमधून निघताना मीटरवर नजर टाकून मगच पेडलला पाय लावायचा.